राईची राखण

(मिशनच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या एका ज्येष्ठ सेवकाने केलेले भाषण)



मेळाव्याच्या समितीने मला विषय दिला तो असा : "आपल्या महाराष्ट्रातील संरक्षित निसर्गस्थळे". विषय वाचून आमच्या मंडळीतील एक वडील मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही आयुष्यभर वसतिगृह चालवले, मुलांना शिकवले, आजाऱ्यांना दवाखान्यात नेले. तुम्हांला डोंगर आणि तळी कशाला दिली?" मलाही प्रथम तसेच वाटले. पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की आपण ज्यांच्यामध्ये सेवा करतो त्यांचे सुखदुःख या जागांपासून वेगळे काढताच येत नाही. शिवाय या विषयात मला एक कबुलीही द्यायची आहे. ती देण्याची संधी मी बरीच वर्षे टाळली. आज टाळणार नाही.

आधी आपल्या राज्याकडे पाहू. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, चांदोली आणि मुंबईच्या अगदी कुशीतले संजय गांधी उद्यान. व्याघ्र प्रकल्पही सहा. त्यांतला मेळघाट १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांपैकी एक. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात तयार झाले. त्या विवराचा व्यास सुमारे पावणेदोन किलोमीटर आहे, आणि २०२० साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कासचे पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणे २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहेत. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे काही छोट्या जागांना वारसा स्थळ म्हणून घोषित करता येते. गडचिरोलीतील आलापल्लीचे जुने सागवानी जंगल हे आपल्या राज्यातले तसे पहिले स्थळ. ते २०१४ साली घोषित झाले.

आपल्यापैकी पुष्कळांनी यांतल्या काही जागा पाहिल्या असतील. प्रवेशद्वारावर मोठा फलक असतो. त्यावर कायद्याचे कलम असते, क्षेत्रफळ असते, काय करू नये याची यादी असते आणि वाघाचे नाहीतर शेकरूचे चित्र असते. एक गोष्ट मात्र बहुतेक फलकांवर नसते. ही जागा फलक लागण्याआधी कोणी राखली, हे तिथे लिहिलेले नसते.

मेळघाटात कोरकू राहतात. ताडोबाच्या परिसरात गोंड राहतात. ताडोबा हे नावच मुळी 'तारू' या त्यांच्या देवावरून आले. वाघाशी झुंजताना मरण पावलेला हा गावप्रमुख पुढे देव मानला गेला, अशी तिथली लोककथा आहे. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तिथे आदिवासी जमतात. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले, पण तिथले महादेव कोळी त्याच्या कितीतरी आधीपासून त्या रानातला हिरडा वेचत आले आहेत. शेकरू, म्हणजे ती मोठी तांबूस खार, आपला राज्यप्राणी. ती एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या घेत जाते, सहसा जमिनीवर उतरत नाही. म्हणून जिथे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतात तिथेच ती टिकते. ती भीमाशंकरला टिकली, म्हणजे कोणीतरी ते शेंडे एकमेकांपासून तुटू दिले नाहीत.

हे "कोणीतरी" समजून घ्यायचे तर देवराई पाहिली पाहिजे. सह्याद्रीत आणि कोकणात गावाच्या देवाच्या नावाने राखलेला रानाचा तुकडा असतो. त्याला कोणी देवराई म्हणतात, कोणी नुसती राई. कधी ती पाच-दहा गुंठ्यांची असते, कधी कित्येक एकरांची. नियम साधा असतो : इथून काडी न्यायची नाही, वाळलेलीसुद्धा नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात गावोगाव फिरून या राया नोंदवल्या. आज महाराष्ट्रात नोंद झालेल्या देवरायांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे गावाजवळ रानजायफळाची दलदल आहे. पाण्यात उभी राहणारी आणि मुळांचे गुडघे चिखलातून वर काढणारी ती झाडे उत्तरेकडे इतक्या दूरवर फारच क्वचित सापडतात. सरकारने आता तिला वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे. पण ती आजवर का राहिली? गावकऱ्यांनी ती राई म्हणून राखली, म्हणून.

राई पाणीही राखते. तिच्यात वर्षानुवर्षे पालापाचोळा पडून कुजलेला असतो. पाऊस आधी पानांवर पडतो, मग त्या पाचोळ्यावर. तो वाहून न जाता हळूहळू जमिनीत मुरतो. म्हणून बऱ्याच रायांच्या खालच्या अंगाला झरा असतो. आमच्या सुरगाणा-पेठच्या पट्ट्यात पावसाळ्यात चार महिने आभाळ कोसळते आणि मार्च उजाडला की बाया हंडे घेऊन दोन-दोन मैल चालतात. तिथे झऱ्याचे मोल मी निराळे सांगायला नको.

आता कबुली.

मी ज्या गावात सुरुवातीची वर्षे काढली त्याचे नाव सांगत नाही, कारण ती माणसे अजून तिथे आहेत. गाव कोकणा आणि वारली लोकांचे. गावाच्या वर टेकडीच्या उतारावर राई होती. ऐन, जांभूळ, हिरडा, आंबा, आणि मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली. वाघबारशीला घरटी मूठभर तांदूळ गोळा व्हायचे आणि राईच्या कडेला वाघदेवापुढे शिजायचे. राईखाली झरा होता. अर्धे गाव त्यावर पाणी भरी.

वीस-बावीस वर्षांपूर्वी सात कुटुंबे मंडळीत आली. मी त्यांना शिकवले की आता वाघदेवापुढे तांदूळ शिजवायचे नाहीत. आजही मी तेच शिकवीन. पण मी तिथेच थांबलो नाही. मी त्यांना म्हणालो, "त्या राईची भीती बाळगू नका. ती इतर झाडांसारखी झाडे आहेत." मला वाटले मी त्यांची भीती घालवतो आहे. प्रत्यक्षात मी राईचे कुंपण काढत होतो, कारण राईला दुसरे कुंपण नव्हतेच.

आधी आमच्या घरच्या बाया तिथली वाळकी लाकडे आणू लागल्या. मग प्रार्थनागृहाला छप्पर घालायचे ठरले. कौले आपल्यासारख्याच हितचिंतकांच्या देणगीतून आली. आढ्याला आणि वाशांना लाकूड हवे होते. विकत घ्यायला पैसे उरले नव्हते. राईच्या कडेचे दोन सरळ ऐन एका रात्रीत उतरले. कुऱ्हाड माझ्या हातात नव्हती, पण लाकूड कुठून आले हे मला ठाऊक होते. मी विचारले नाही. त्या छपराखाली मी पुढे किती वर्षे उपदेश केला!

गावाने भांडण केले नाही. नुसते बोलणे सोडले. दोन-तीन आठवड्यांनी गावातला एक म्हातारा, ज्याला सगळे आजा म्हणत, वसतिगृहाच्या ओट्यावर येऊन बसला. पाणी दिले, घेतले नाही. म्हणाला, "मास्तर, तुमचा देव त्या झाडांत राहत नाही म्हणता. बरं. नसेल राहत. पण ती झाडं केली कोणी?"

बंधू-भगिनींनो, मी इतकी वर्षे शास्त्र शिकलो आणि शिकवले. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो आणि दोन कामे देतो, मशागत करण्याचे आणि राखण्याचे. मी मुलांना हा धडा किती वेळा शिकवला असेल! अनुवादाच्या विसाव्या अध्यायात तर शत्रूच्या नगराला वेढा घातला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका असे सांगितले आहे. आणि आमच्या गावात तर शत्रूही नव्हता, वेढाही नव्हता.

आम्ही दोन झाडे नेली हे पाहून आणखी कोणी चार नेली. मग कोळशासाठी कोणी बाहेरचा आला. काही वर्षांत राईचा खालचा काठ विरळ झाला. पूर्वी मे अखेरपर्यंत चालणारा झरा एप्रिलातच आटू लागला. हे केवळ त्या दोन झाडांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पाऊस लहरी झाला, खाली कूपनलिकाही झाल्या. पण हंडे घेऊन दूर जाणाऱ्या बायांत आमच्या मंडळीच्या बायाही होत्या, आणि त्यांच्याकडे पाहताना मला आज्याचा प्रश्न आठवे.

यानंतर गोष्टीत कायदा येतो. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००८च्या आरंभी त्याचा अंमल सुरू झाला. बहुतेकांना एवढेच ठाऊक असते की या कायद्याने आदिवासींना कसत असलेली वनजमीन मिळते. पण त्यात दुसराही हक्क आहे. गाव जे रान पिढ्यान्‌पिढ्या राखत आणि वापरत आले, ते राखण्याचा, त्याची व्यवस्था पाहण्याचा सामूहिक हक्क गावाला मिळू शकतो. हक्काबरोबर ग्रामसभेवर कर्तव्यही येते, रान, पाणी आणि वन्यजीव सांभाळण्याचे. आणि अभयारण्यातून एखाद्या गावाला हलवायचे असेल तर त्या ग्रामसभेची मोकळी आणि समजून-उमजून दिलेली संमती घ्यावी, असे हाच कायदा सांगतो.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देशात हा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ साली तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तिथे निर्णय सगळ्यांच्या सहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते.

आमच्या गावानेही सामूहिक दावा करायचे ठरवले. वन हक्क समिती झाली. नजरी नकाशा काढायला बसले. दाव्याला पुरावे लागतात, एकाहून अधिक. नियमांत पुराव्यांची यादी आहे. गावातल्या वयस्क माणसांचा लेखी जबाब चालतो, जुन्या नोंदी चालतात. आणि त्याच यादीत पवित्र झाडे, राया, तळी आणि दफनभूमी यांचाही उल्लेख आहे. म्हणजे ज्या राईला मी "इतर झाडांसारखी झाडे" म्हणालो, ती या गावाची सर्वांत जुनी सनद होती. आणि आम्ही त्या सनदेचा एक कोपरा फाडला होता.

पहिल्या बैठकीला आमची सात कुटुंबे, आता ती अकरा झाली होती, गेलीच नाहीत. कागदावर "देवाची जागा" असे लिहिणार, त्यावर आपण अंगठा कसा उठवायचा, असे त्यांचे म्हणणे. ते त्यांना मीच शिकवलेले. बाकीचे गाव म्हणू लागले, ज्यांनी राई तोडली ते आता दाव्यात कशाला?

त्या रात्री मी आमच्या लोकांबरोबर बसलो. आम्ही नाबोथाची गोष्ट वाचली, पहिल्या राजांच्या एकविसाव्या अध्यायातली. राजा अहाबाला वाड्याशेजारचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा असतो. तो नाबोथाला बदल्यात याहून चांगला मळा देऊ करतो, नाहीतर रोख किंमत. नाबोथ नाही म्हणतो, कारण तो वाडवडिलांचा ठेवा आहे. ही गोष्ट मी नेहमी एका बाजूनेच सांगत आलो होतो : आदिवासी म्हणजे नाबोथ, आणि जमीन घेणारे ते अहाब. त्या रात्री आमच्यातली एक बाई, जिला वाचता येत नाही, म्हणाली, "मास्तर, वासे पाहिजे होते तेव्हा आपण कोण होतो?"

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर आमची अकराही घरे आज्याच्या अंगणात गेली. मी सर्वांसमोर माफी मागितली. आज्याने फार काही म्हटले नाही. "झाडं परत लावून येत नाहीत," एवढेच म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "पण राखली तर आपली आपण येतात."

ग्रामसभेत जे ठरले ते असे. वाघबारशीच्या पूजेत आमची घरे बसत नाहीत आणि त्यासाठी त्यांना कोणी धरत नाही. पण राईच्या राखणीच्या पाळीत ती सगळ्यांबरोबर आहेत. फेब्रुवारीत वणव्याआधी राईभोवती पाला झाडून जाळरेषा काढतात, त्यात आमची तरुण मुले पुढे असतात. नकाशावर राई दाखवली आणि तिच्या खालच्या बाजूला आमची दफनभूमीही दाखवली. दोन्ही पुरावे एकाच कागदावर आले. आज्याने जबाब दिला, त्याच्या बापाने आणि बापाच्या बापाने राई कशी राखली ते सांगितले, आणि खाली अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून दुसरी सही आमच्या मंडळीतल्या एका वडिलांची आहे.

आपल्याला वाटेल, आता मी सांगणार की हक्क मिळाला. नाही मिळाला अजून. दावा वरच्या समितीकडे गेला, नकाशात त्रुटी म्हणून परत आला, दुरुस्त करून पुन्हा दिला. फेऱ्या चालू आहेत. एका फेरीत गावातल्या दोन माणसांची दिवसाची मजुरी बुडते आणि जाण्या-येण्याचे भाडे लागते ते वेगळे. दोन वर्षांपूर्वी आजा गेला. त्याचा जबाब मात्र फायलीत आहे. राईचा खालचा काठ पुन्हा भरू लागला आहे. जांभळाची रोपे माझ्या कमरेपर्यंत आली आहेत, आणि ती आम्ही लावलेली नाहीत.

माझ्या बोलण्याचा गैरसमज होऊ नये. सरकारी संरक्षण नको असे मी म्हणत नाही. मेळघाट किंवा भीमाशंकर यांना कायद्याचे कवच नसते तर तिथे आज काय उभे राहिले असते ते आपण जाणतो. वणव्याच्या दिवसांत जीव धोक्यात घालणारे वनरक्षकही मी पाहिले आहेत, आणि त्यांतले कितीतरी आदिवासीच आहेत. माझे म्हणणे एवढेच की फलक आणि कुंपण यांनी जागा बंद करता येते, राखायला मात्र माणसे लागतात. ज्यांनी ती राखली त्यांना बाहेर काढून राखण होत नाही. आणि ज्यांची श्रद्धा आपल्यासारखी नाही त्यांच्या राखणीचा आदर केल्याने आपली श्रद्धा उणी होत नाही. मला हे उशिरा कळले.

शेवटी, आपण काय करावे? तीन गोष्टी सुचवतो.

पहिली. काही मंडळ्या दर पावसाळ्यात प्रेमाने रोपे पाठवतात. त्यांत गुलमोहर असतो, निलगिरी असते. कृपा करून रोपे पाठवण्याआधी गावाला विचारा. बहुतेक ठिकाणी लावण्यापेक्षा राखण्याला हात हवे असतात.

दुसरी. दाव्याच्या कामाला कागद लागतात : झेरॉक्स, मोजणीचा खर्च, तालुक्याला जाण्याचे भाडे. ही देणगी फोटोत दिसत नाही. पण एखाद्या गावाला तिचा मोठा आधार असतो. आपल्यात निवृत्त तलाठी, सर्वेक्षक, वकील असतील तर वर्षातले चार दिवस आम्हांला द्या.

तिसरी. आपण सहलीला ताडोब्याला जाल, लोणारला जाल, कासला फुलांच्या दिवसांत जाल. अवश्य जा. प्लास्टिक नेऊ नका, रस्ता सोडून फुलांत शिरू नका. आणि तिथे चहा देणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या माणसाला विचारा, "आपण इथले किती पिढ्यांचे?" मग थोडा वेळ ऐकत बसा. फलकावर जे लिहिलेले नाही ते तिथे कळेल.

प्रार्थनेसाठी विषय देतो. आमच्या गावाचा दावा न्यायाने निकाली निघावा म्हणून प्रार्थना करा. मेळघाट, गडचिरोली, भीमाशंकर येथील आपल्या आदिवासी बंधू-भगिनींसाठी करा. अधिकाऱ्यांसाठी करा, त्यांना धीर आणि समज मिळावी. उन्हाळ्यात पाण्यासाठी चालणाऱ्या बायांना विसरू नका. आणि माझ्यासारख्या सेवकांसाठीही करा. आम्ही शिकवायला जातो, पण ज्यांना शिकवतो त्यांच्याकडून शिकण्याची नम्रता आम्हांला मिळावी.

आज्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला हयातीत दिले नाही. आज आपल्यापुढे देतो. आजा, ती झाडे आमच्याच देवाने केली. तू ती आमच्या आधीपासून राखत होतास.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.